फोटो काढा, नाहीतर नारळ

धारूरच्या बाजारात गुरुलिंग यांचं किराणा आणि पूजासाहित्याचं दुकान आहे. आत कापूर, खारीक, हळकुंडं, आणि दारातच नारळांचा ढीग. साठी ओलांडली तरी सकाळी शटर तेच वर करतात. दोन्ही मोठ्या पक्षांचे झेंडे त्यांनी आलटून पालटून या दुकानावर लावले आहेत. एका पक्षानं समोरच्या गटारीचं भूमिपूजन केलं, दुसऱ्यानं त्याच गटारीचं पुन्हा केलं, आणि पाणी अजून रस्त्यावरूनच वाहतं. पण त्यांचा खरा वैताग वेगळा होता. दोन्हीकडचे पुढारी सभेत एकमेकांची लायकी काढत आणि लग्नात एकाच पंगतीला मांडीला मांडी लावून बसत.

"मंग आमी कावून एकमेकांशी बोलणं सोडायचं?" असं ते गिऱ्हाइकाला विचारत. गिऱ्हाईक साखर घेऊन निघून जाई.

यंदा नगराध्यक्षपदाला योगीराज अप्पा अपक्ष उभे राहिले. अप्पा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. राजकारणात कधी नव्हते. जुन्या वळणाचा माणूस: लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लग्नातला डीजे बंद करा, देवळाजवळचं दारूचं दुकान हलवा, आणि नगरपालिका घरासारखी चालवा. हातात पैसा किती ते आधी बघा, मग कारंजी बांधा. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही, पण लोक हसले. गुरुलिंग हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं मत द्यायला माणूस मिळाला, असं ते म्हणाले.

चिन्ह त्यांनीच सुचवलं. "अप्पा, नारळ मागा. घरोघर असतो, समजून सांगावं लागत न्हाई." नारळ मिळाला. गुरुलिंगांनी अप्पांचा फोटो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावला. त्याच्या बरोबर खाली नारळांचा ढीग, रोजचाच.

दुसऱ्या दिवशी भरारी पथक हजर. तक्रार एका पक्षाच्या पप्पूनं आणि दुसऱ्या पक्षाच्या बजरंगनं मिळून केली होती. एकाच कागदावर या दोघांची सही गावानं प्रथमच पाहिली.

"उमेदवाराच्या फोटोखाली त्याचं चिन्ह मांडलंय. हा प्रचार झाला," पथकाचे साहेब म्हणाले. "फोटो काढा, नाहीतर नारळ."

"नारळ माझ्या बापाच्या काळापासून हायत, साहेब. अप्पा आत्ता उभे राहिले."

"मग फोटो काढा."

"भिंत माझी हाय. तो राहतो."

त्यांनी ढिगावर ताडपत्री ओढली. आधीचे झेंडे कुणी ना कुणी आणून लावायला सांगितले होते, हा फोटो त्यांनी स्वतः लावला होता. तो काढायचा नाही, एवढं त्यांनी धरलं. नेमका मार्गशीर्षातला गुरुवार आला. घरोघरी लक्ष्मीचा कलश मांडायचा, कलशावर नारळ हवा. सकाळी सगळ्यात आधी गल्लीतल्या दगडाबाई आल्या.

"गुरुलिंगा, एक नारळ दे."

"आज इकत न्हाई."

"मंग ताडपत्रीखाली काय हाय?"

"तो प्रचार हाय, मावशी."

"आरं, प्रचार असू दे न्हाईतर आणखी काय असू दे! कलशावर काय तुझं डोकं ठेवू?"

मागून गुरुलिंगांच्या बायको नीलाबाई म्हणाल्या, "अहो, मतं मागायच्या दिवसात बायांना परत कशाला धाडता? घ्या ना तो फोटो आत."

"तू मधी पडू नको."

बायका रिकाम्या हातानं परत जात आहेत हे पप्पूला कळलं, बजरंगलाही कळलं. दोघांनी दुपारपर्यंत बाहेरून एकेक टेम्पो नारळ आणले आणि हळदीकुंकू लावून गल्लीगल्लीत वाटले. एकमेकांच्या पुढे जायच्या घाईत आपण कुणाचं चिन्ह वाटतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी गावातल्या प्रत्येक कलशावर अप्पांचं चिन्ह होतं. गाव पोट धरून हसलं. गुरुलिंगही हसले.

हसू सकाळपर्यंत टिकलं. चूक समजल्यावर दोन्ही पक्षांनी पुन्हा मिळून तक्रार केली: अप्पांनी चिन्ह घरोघर वाटलं. अप्पांना नोटीस आली. अप्पा म्हणाले, "खुलासा झाला नाही, तर मी निवडणुकीतून जाहीरपणे थांबतो. नावाला डाग घेऊन मी मत मागणार नाही."

गुरुलिंगांनी गल्ली पालथी घातली. नारळ कुणी दिला, एवढं एका तरी बाईनं सांगावं. एकीला आठवत नव्हतं, दुसरीचा मालक घरी नव्हता. दगडाबाई म्हणाल्या, "तू दिला असतास तर तुझं नाव घेतलं असतं."

घरी येऊन त्यांनी टोपी आपटली. "एक माणूस धड मिळाला, तर त्यालाबी बसवणार हे लोक!"

तेव्हा सून शिवकन्या चहा ठेवत म्हणाली, "मामा, मी सांगते. मी दोन घेतलेत. एक पप्पूभाऊच्या टेम्पोतला, एक बजरंगभाऊच्या."

"तू? या घरची सून?"

"मंग काय करू? दारात नारळाचा ढीग, न् आपलाच कलश मोकळा. तुमी हात लावू देत नव्हता."

ही गोष्ट निवडणूक कचेरीत सांगितली की बाजारात पसरायला वेळ लागणार नव्हता. तरी गुरुलिंगांनी टोपी उचलली, झटकली आणि सुनेला घेऊन निघाले.

साहेबांनी तिचा जबाब वाचला आणि वर पाहिलं. "तुमचं स्वतःचं नारळाचं दुकान असताना?"

कचेरीतला शिपाईसुद्धा हसायला लागला. शिवकन्येनं मान खाली घातली.

"मीच तिला नारळ दिला न्हाई, साहेब," गुरुलिंग म्हणाले. "तेवढंबी लिहून घ्या."

अप्पांवरची नोटीस मागे घेतली गेली. संध्याकाळी अप्पा स्वतः दुकानात आले. गुरुलिंगांनी उठून खुर्ची दिली. नीलाबाईंनी पाणी आणलं. आता अप्पा सुनेचं कौतुक करतील, असं सगळ्यांना वाटलं.

अप्पा बसले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "गुरुलिंग, खरं बोलली ते उत्तम. पण सुनेनं त्यांचं आमिष घेतलं, हे काही बरं झालं नाही."

गुरुलिंगांनी दोन्ही हात जोडले. "अप्पा, मत तुमालाच देणार हाय. घरातली सगळी देणार हायत. पण आता तुमी गप बसा."