पाय उचलायचा नाही

टॅमरॅक गावात कुणालाही विचारा, "बर्फात गाडी चालवायला शिकवली कुणी?" निम्मं गाव एकच नाव सांगायचं. ओर्वो हिएतला.

ओर्वोची उभी हयात लोखंडाच्या खाणीत डंपर चालवण्यात गेली. खाणवाल्यांनी एका हिवाळ्यात फाटकाला कुलूप घातलं, निरोपाला कॉफी आणि कोरडा केक दिला, आणि ज्यांच्या पाठी कामानं मोडल्या होत्या त्यांना तोंड वर करून सांगितलं की बाजार पडलाय. ओर्वोनं तो केक फाटकाबाहेर कावळ्यांना घातला. बायको पुढे दोन वर्षांनी गेली. मग छाती पुढे काढून बोलावं अशा दोनच गोष्टी त्याच्यापाशी उरल्या. मुलगी इल्मा, आणि तळ्यावरची शाळा.

जानेवारीत तळं ट्रक पेलेल इतकं गोठलं की ओर्वो बर्फावर जुने टायर मांडायचा. ज्याला शिकायचंय तो आपापली पिकअप घेऊन यायचा. फी नाही, पाटी नाही. ओर्वो आधी मागच्या हौद्यात डोकवायचा. हौदा रिकामा असला की पिकअपचं मागचं अंग बर्फावर नाचतं, म्हणून तिथे वाळूची पोती हवीत. पोती नसली तर तो तसंच घरी पाठवायचा, मग समोर शेरीफ का असेना. आणि पोती असली की शेजारी बसून अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"दाब, सोड! दाब, सोड! अरे, ब्रेक आहे तो, झुरळ चिरडतोयस काय? पंप मार!"

बर्फावर ब्रेक एकदम दाबून धरला की चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी जाते. म्हणून पंप मारायचा. हे गावाच्या हाडात गेलं होतं. आमच्याकडे माणूस झोपेतही पाय हलवतो तो पंप मारतो, असं लोक हसून म्हणायचे.

मग एबीएसवाल्या गाड्या आल्या. चाक अडकायला लागलं की ही यंत्रणा स्वतःच ब्रेक सोडते, पुन्हा धरते, माणसाच्या पायाला कधी जमणार नाही इतक्या भराभर. पायाखाली पेडल थडथडतं, खालून खर्र आवाज येतो. ओर्वोनंही तशी एक घेतली, पण ते थडथडणं त्याला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. तरी त्यानं ते सहन केलं असतं. पण एका फेब्रुवारीत लाकूडतोड्यांच्या जंगलवाटेवर, ताज्या भुसभुशीत बर्फात, त्याचा कुत्रा मुस्ती गाडीपुढे आला. ओर्वोनं ब्रेक दाबला. पेडल थडथडलं आणि गाडी पुढेच जात राहिली. जुन्या ट्रकची चाकं अडकली असती, पुढे बर्फाचा ढीग लोटत त्यात रुतून थांबली असती. या यंत्रानं ती अडकूच दिली नाहीत.

मुस्तीला त्यानं गोठलेल्या मातीत कुदळीनं पुरलं. संध्याकाळी एबीएसचा फ्यूज उपटून खिशात टाकला आणि समोर पेटून राहिलेल्या पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

"कंपनीच्या साहेबानं ऑफिसात बसून बनवलेला ब्रेक," तो म्हणायचा. "त्याला काय माहीत बर्फ?"

त्याच्या गाडीपुरतं पुढे सगळं बरोबरच होतं. फ्यूज नाही, तर पंपच मारायला हवा. इल्माला तो दर जानेवारीत त्याच गाडीत बसवून उजळणी करून घ्यायचा. चाळिशीची बाई, घरोघर जाऊन अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी, औषधं देणारी. तरी बाप शेजारी बसून खेकसायचा आणि ती हसत पंप मारायची.

"बाबा, माझे पेशंट तुमच्यापेक्षा कमी ओरडतात."

"ते मरायला टेकलेत. मी नाही टेकलो."

इल्माला कामासाठी एजन्सीनं पिकअप दिली होती. नवी, एबीएस शाबूत. डिसेंबरात एका सकाळी आधी पाऊस पडला आणि मग थंडीनं त्याची रस्त्यावर काच झाली. को-ऑप दुकानाच्या उतारावरून इल्मा खाली येत होती. आर्विद लुंड, ओर्वोचा खाणीतला जोडीदार, मासेमारीचं आमिष घेऊन दुकानातून निघाला आणि चौकात रस्ता ओलांडायला लागला. गाडी थांबली नाही. आर्विदचं खुब्याचं हाड आणि मांडी, दोन्ही मोडली.

जिल्ह्याच्या कोर्टात सुनावणीला अर्धा गाव आला. विम्याच्या माणसानं ब्रेक तपासले होते. ब्रेक ठणठणीत होते. त्यानं इल्माला विचारलं, "ब्रेक कसा लावलात? आणि असा लावायला शिकवलं कुणी?"

इल्मानं क्षणभर बापाकडे बघितलं. मग शपथेवर सांगितलं, "शिकवण्याचा काय संबंध? माझं लक्ष नव्हतं. ब्रेक उशिरा दाबला."

लायसन्स वर्षभरासाठी गेलं. लायसन्स नाही म्हणून एजन्सीनं त्याच आठवड्यात काढून टाकलं. जिनं त्यांच्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढलं, तिला फोनवर! तेही साहेबानं नाही, मशीनवर ठेवलेल्या निरोपानं.

आणि ओर्वोनं काय केलं? कोर्टाच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, मुलीवर तोंड टाकलं. "शंभरदा सांगितलं, डोळे रस्त्यावर! माझी मुलगी म्हणवतेस? माझं नाव घालवलंस."

इल्मानं हातमोजे चढवले आणि बसथांब्याकडे गेली. पुढे तिला पास्टीच्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात मागच्या खोलीत काम मिळालं, घरून चालत जाण्यासारखं. बटाटे आणि सलगम सोलायचे, पिठात सारण भरायचं. गावानं ओर्वोची समजूत काढली. "तुझ्या पोटची ती, पण तुझा धडा विसरली. तू काय करणार?" ओर्वो मान हलवायचा. ऐकायला बरं वाटायचं ते.

जानेवारीत आर्विद कुबड्यांवर घरी आला. ओर्वो कॉफी प्यायला गेला.

"आता बर्फावर उभं राहून मासे धरणं संपलं," आर्विद म्हणाला. "मासे गावजेवण घालणार आहेत म्हणे."

"माझ्या पोरीमुळे. कुठल्या तोंडानं बसू तुझ्यासमोर?"

"ज्या तोंडानं इतकी वर्षं माझी बिस्किटं खाल्लीस त्याच. पण ओर्वो, एक सांग. ब्रेक उशिरा दाबला असं ती का म्हणाली?"

"म्हणजे?"

"मी बघत होतो ना तिच्याकडे. ती वर वळणावर होती तेव्हापासून गाडीचं नाक हलत होतं. खाली, वर. खाली, वर. आणि तो आवाज. खर्र, बंद. खर्र, बंद. मी म्हटलं, अरे वा, ओर्वोची शाळा येतेय. म्हणून तर बिनधास्त पाऊल टाकलं. मला वाटलं, थांबणार."

ओर्वोनं कप तसाच खाली ठेवला आणि टोपी उचलली.

दुपारी तो एकटा तळ्यावर गेला. वाऱ्यानं बर्फ झाडून काच केली होती. एक टायर ठेवला, दुरून वेगात आला आणि आयुष्यभर मारला तसा पंप मारला. गाडी टायरच्या अलीकडे थांबली. मग इतकी वर्षं कपाटात पडलेला फ्यूज त्यानं घरून आणला होता, तो बसवला आणि तसाच पंप मारला. खर्र, बंद. खर्र, बंद. यंत्र पकड घ्यायला लागलं की याचा पाय उठायचा, आणि गाडी मोकळी सुटायची. टायर धाडकन उडाला.

त्यानं टायर पुन्हा ठेवला. या वेळी ब्रेक पूर्ण दाबला आणि पाय तसाच धरला. पेडल थडथडायला लागलं. मुस्ती डोळ्यांपुढे आला. गुडघा आपसूक वर यायला बघत होता, त्यानं तो दोन्ही हातांनी खाली दाबून धरला. गाडी थडथडत, कुरकुरत टायरच्या अलीकडे येऊन थांबली.

ओर्वोनं इंजिन बंद केलं. पाय पेडलवरच होता.

इल्माच्या घरी तो पोचला तेव्हा सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, तापलेली होती. ती दारातच उभी राहिली, खांद्यावर टॉवेल.

"तू पंप मारलास. वळणापासून."

इल्मानं रस्त्यावर कुणी नाही ना ते बघितलं.

"खोटं का बोललीस?"

"हळू बोला. मी कोर्टात शपथेवर बोललेय."

"मी उद्या जाऊन सांगतो. मी शिकवलं, चुकीचं शिकवलं."

"आणि मग मी कोण? शपथेवर खोटं बोलणारी. लायसन्स वर्षानं तरी परत मिळेल म्हणून बसलेय मी, तेही घालवा." तिचा आवाज चढला. "आई गेल्यावर तुम्ही तीन महिने दाढी केली नव्हती, बाबा. जानेवारी आला, तळ्यावर गेलात तेव्हा केलीत. ते मी बघितलंय. त्या विम्याच्या माणसानं शिकवलं कुणी म्हणून विचारलं तेव्हा मला तेवढंच दिसलं. मला वाटलं, दंड होईल, मिटेल. नाही मिटलं. माझं जायचं ते गेलं. आता ते ज्याच्यासाठी गेलं, तेवढं तरी राहू द्या."

"पायऱ्यांवर मी तुला..."

"ते पण राहू द्या."

तिनं दार लावलं.

त्या वर्षी तळ्यावर कधी नव्हत्या इतक्या गाड्या आल्या. अपघातानं लोक धास्तावले होते. रांगेत बहुतेक नव्या पिकअप. आर्विद रॉय बर्जरॉनच्या गाडीत थर्मास घेऊन बसला होता. रॉयनं नुकतंच लग्न केलं होतं, बायको डेनीस फ्लोरिडाची, बर्फ पहिल्यांदाच बघणारी. पहिला नंबर तिचाच.

"ओर्वो, हिला शिकव," रॉय म्हणाला. "कालपासून घरात सोफ्यावर बसून पंप मारतेय. दाब सोड, दाब सोड. माझी झोप उडवली."

लोक हसले. तेवढ्यात इल्मा काठावरून छोटी घसरगाडी ओढत आली. शाळेच्या दिवशी पास्टीच्या दुकानातून गरम पास्ट्यांचं खोकं यायचं, आणि आता ते आणणारी तीच होती. तिनं बापाकडे बघितलं. विनंती नव्हती त्या नजरेत. जरब होती.

ओर्वो डेनीसच्या शेजारी बसला. काच खाली होती. डेनीसनं विचारलं, "दाब, सोड. बरोबर ना?"

फक्त हो म्हणायचं होतं. मुलीनं त्यासाठी काय मोजलं होतं ते त्याला ठाऊक होतं. आणि ही बाई उद्या को-ऑपच्या उतारावरून खाली येणार होती, हेही.

"नाही," ओर्वो म्हणाला. "या गाडीत नाही. पूर्ण दाबायचा आणि पाय उचलायचा नाही. थरथरू दे, बोंबलू दे. पाय उचलायचा नाही."

रॉय खिडकीपाशी आला. "अरे, हे कधीपासून? मला तूच पंप शिकवलास. आम्हा सगळ्यांना."

"जुन्या गाड्यांना तो बरोबर. या गाड्यांना चूक. मी चूक शिकवलं."

रॉयनं हळूच मान वळवली, खोक्याचं झाकण धरून उभ्या असलेल्या इल्माकडे. "मग इल्मा..."

"तिनं माझं ऐकलं," ओर्वो म्हणाला. "वळणापासून ऐकलं. एवढंच तिचं चुकलं."

आर्विदनं थर्मासचं झाकण लावलं आणि खाली बघत बसला. इल्मानं खोकं बर्फावर ठेवलं.

"पास्ट्या गार होतायत," ती म्हणाली आणि घसरगाडी तिथेच टाकून काठाकडे चालू लागली.

डेनीसनं ब्रेक दाबला. गाडी थरथरत टायरच्या अलीकडे थांबली. "थांबली!" ती ओरडली. टाळी कुणी वाजवली नाही.

ओर्वो आपल्या गाडीत बसून इल्माच्या मागून निघाला. रस्त्यावर तिला गाठून त्यानं काच खाली केली.

"बस. सोडतो घरी."

ती चालत राहिली. तो मागून हळूहळू येत राहिला, को-ऑपच्या उतारापर्यंत. वाळू टाकलेल्या कडेनं ती खाली उतरली आणि चौकात कुठेही न बघता त्याच्या गाडीपुढून रस्ता ओलांडायला लागली.

ओर्वोनं ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थडथडलं. त्यानं पाय उचलला नाही.

गाडी थांबली. इल्मा समोरून गेली. तिनं वर बघितलं नाही.