दुसरी धून

मर्व्ह हॅडलो लोण्याच्या कारखान्यात कामाला होता, पण गावात त्याला मान होता तो बिगुलामुळे. दरवर्षी एप्रिलात, सैनिकांच्या स्मरणदिनी, सारं गाव पहाटेच्या थंडीत स्मारकापाशी जमायचं. मर्व्ह आधी निरोपाची धून वाजवायचा. मग सगळे माना खाली घालून उभे राहायचे. त्यानं दुसरी, जागं करणारी धून वाजवेपर्यंत कुणी हलायचं नाही. तो स्वतः जपान्यांशी लढून आलेला. वाजवताना त्याचा सूर कधी चुकला नव्हता.

त्याचा एकुलता एक मुलगा रसेल व्हिएतनामला गेला, तो हौसेनं नव्हे. विशीतल्या पोरांच्या जन्मतारखांच्या गोट्या पिंपात घालून सरकार सक्तीच्या लष्करभरतीसाठी सोडत काढायचं; त्यात रसेलची तारीख निघाली. "जा, माणूस होऊन येशील," मर्व्हच म्हणाला होता. परत आली ती शवपेटी.

त्यानंतर त्याची बायको डॉरीन दर शनिवारी पोस्टासमोर आणखी तिघीचौघींबरोबर फलक घेऊन उभी राहू लागली: 'आमची मुलं परत आणा.' मर्व्ह त्या दिवशी मागच्या गल्लीनं घरी यायचा.

त्या वर्षी स्मरणदिनाच्या पहाटे तो बूट घालत होता. डॉरीननं त्याच्या कोटाला, गेलेल्यांच्या आठवणीखातर त्या दिवशी लावतात ती, रोजमेरीची डहाळी टोचली.

"वाजवणार ना?"

"नाही तर काय करू?"

"पहिली वाजव. ती आपल्या पोराची. पण दुसरी कुणासाठी, मर्व्ह? कोण उठणार आहे?"

त्यानं बुटाची नाडी आवळली.

स्मारकापाशी त्यानं पहिली धून वाजवली, कधी नव्हे इतकी स्वच्छ. माना खाली गेल्या. वेळ झाली. त्यानं बिगूल उचललं, आणि तसंच खाली आणलं. एक बाळ रडलं. लोक चुळबुळू लागले, पण जागचं कुणी हलेना. माजी सैनिकांच्या क्लबाचा अध्यक्ष क्लॅरी जवळ सरकला.

"ओठ गारठले काय रे? वाजव, गड्या."

"नाही वाजवणार. तिथून पोरं परत येईपर्यंत नाही."

"शुद्धीवर आहेस का? लोक किती वेळ असे उभे राहतील?"

"डॉरीन तर दर शनिवारी उभी असते, क्लॅरी."

क्लॅरीनं त्याच्या हातातून बिगूल काढून घेतलं. वाजवता येणारं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी लोक आपापले, चोरासारखे, पांगले.

पुढच्या शनिवारी मर्व्ह पोस्टासमोर डॉरीनच्या शेजारी उभा राहिला. जुने सोबती रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. क्लॅरी मात्र थांबला. लालबुंद झाला होता.

"लाज नाही वाटत? रसेलनं पाहिलं असतं तर थुंकला असता तुझ्यावर!"

डॉरीननं मर्व्हचा दंड घट्ट धरला. त्याला राग यायला हवा होता. पण दफन झाल्यापासून गावात कुणीच त्यांच्यासमोर पोराचं नाव घेतलं नव्हतं.

"पुन्हा म्हण, क्लॅरी," तो हळूच म्हणाला. "त्याचं नाव पुन्हा घे."