खाली ठेवलेला चेंडू

उंट हे नाव त्याला फाउंड्रीने दिलं. मान लांब, पाय लांब आणि चालण्यात घाई कधीच नाही. पुढे तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा झाला, तरी मी त्याला उंटच म्हणत राहिलो. लग्नाच्या दिवशी धाकटीने माझ्यावर डोळे वटारले होते. पण जेवणाची पंगत बसायच्या आत तिच्या सासूच्याच तोंडून "उंटा, इकडे ये" निघालं आणि तो विषय तिथेच मिटला.

आम्ही दोघं एका दांड्यावर होतो. भट्टीतलं वितळलेलं लोखंड भांड्यात घ्यायचं. भांडं लांब दांड्याच्या मधोमध, एक माणूस पुढे, एक मागे. तसं चालत वाळूच्या साच्यांपर्यंत जायचं आणि ओतायचं. पुढे उंट, मागे मी. मागच्याला रस्ता दिसत नाही, जोडीदाराची पाठ दिसते. माझ्या उमेदीची सगळी वर्षं मी ती पाठ बघत चाललो. घाम तिच्यावर कुठून सुरू होतो हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत होतं.

नुसत्या ताकदीने दांडा उचलणारे पुष्कळ पाहिले. खांद्याने उचलतात, चार फेऱ्यांत कंबर धरून बसतात. उंट गुडघ्यातून उचलायचा. त्याची पहिली फेरी आणि शेवटची फेरी यांत फरक ओळखू येत नसे. कामाची परीक्षा शेवटच्या फेरीला होते, पहिल्या फेरीला सगळेच पैलवान असतात.

आमचा मुकादम जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून ओरडायचा. एका गोष्टीवरून मात्र त्याने कधी कुणाला बोल लावला नाही. माणूस पडला की भांडं खाली. कुणाचा पाय घसरो, कुणाला घेरी येवो, तुम्ही जिथे असाल तिथे भांडं जमिनीवर टेकवायचं आणि त्याच्याकडे वळायचं. लोखंड थिजलं तर थिजू दे. साचे वाया गेले तर जाऊ दे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे सांगायचे, दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. एकदा ओल्या वाळूवर माझाच पाय गेला. माझे गुडघे टेकायच्या आत दांड्याचं वजन उतरलं होतं. उंटाने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. त्याच्या हातांना कळलं होतं.

हा माणूस आमच्या फाउंड्रीच्या टीमचा गोलकीपर होता. पाळी संपली की बाकीचे नळावर धावायचे आणि हा मागच्या मैदानात गोलात जाऊन उभा राहायचा. मैदान कसलं, भट्टीची राख आणि खडे टाकून भरलेली जागा. तिथे झेप घेणं म्हणजे खवणीवर अंग घासणं. त्याची कोपरं कायम सोललेली असायची. मी चेंडू मारून मारून थकायचो, तो म्हणायचा, "दादा, अजून थोडे. खालच्या कोपऱ्यातले राहिलेत."

"राहू दे. कोपरा उद्याही तिथेच असेल."

"मी नसेन ना," असं म्हणून तो पुन्हा वाकून उभा राहायचा.

मग तो मोठा क्रीडामेळा आमच्या शहरात भरायचा ठरला. देशोदेशीचे खेळाडू, धावणारे, पोहणारे, कुस्ती खेळणारे, आणि पुरुषांच्या फुटबॉलची स्पर्धा. आमच्या देशाच्या संघासाठी माणसं निवडायला निवड समितीचे लोक कारखान्यांच्या सामन्यांना येऊन बसायला लागले. उंटाला तिसरा गोलकीपर म्हणून घेतलं. तिसरा म्हणजे बाकावर बसणारा, पाण्याच्या बाटल्या भरणारा. तरी फाउंड्रीने भट्टीजवळ त्याचा फोटो लावला आणि पहिल्याच आठवड्यात तो काजळीने काळा झाला. मला तेवढ्या दिवसांसाठी दांड्यावर दुसरा जोडीदार मिळाला. त्याच्याबद्दल बोलत नाही. खांद्याने उचलायचा.

पण माझ्या बहिणीच्या डोक्यात फुटबॉल नव्हता. तिच्या डोक्यात तिचे सासरे होते. सासऱ्यांनी उभा जन्म त्याच फाउंड्रीत साचे केले, आणि वाळूची बारीक धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली. म्हातारपणी त्यांना आडवं होता येत नसे. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचे, तीही डुलकी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून भिंतीपलीकडून तो खोकला ऐकत होती. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, नवऱ्याला तिथून बाहेर काढायचं.

वाट एकच होती. बंदराच्या कचेरीची स्वतःची फुटबॉल टीम होती. खेळाडूंना गोदामातल्या मालाची आवक-जावक बघायचं काम, बसून. धाकटी एकदा कुणाला न सांगता ती इमारत बघून आली. मला म्हणाली, "दादा, खोलीला मोठी खिडकी आहे. वारा येतो. मी खाली उभी राहून बघितलं, पडदा हलत होता."

त्या टीमच्या मॅनेजरने उंटाला सरावात पाहिलं होतं. त्याने सरळ सांगितलं, "आम्हाला गोलकीपर हवाय. या स्पर्धेत एक सामना खेळा, नीट खेळा. पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे."

तिसऱ्या गोलकीपरला सामना कुठून मिळणार? पण पहिल्याचं बोट सरावात मोडलं आणि दुसरा तापाने पडला. सामन्याच्या सकाळी निरोप आला, उंट खेळणार. धाकटीने मला विचारलं, "एखाद्याला ताप आल्याचा आनंद झाला तर पाप लागतं का रे?" मी म्हटलं, "लागलं तर अर्धं माझ्या नावावर घाल."

स्टेडियममध्ये आम्ही फाउंड्रीवाले एका ओळीत बसलो. मुकादम मधोमध, शेजारी मी, माझ्या शेजारी धाकटी. मॅनेजर खालच्या रांगेत होता, त्याची टोपी आम्हाला दिसत होती. धाकटी खेळ कमी आणि ती टोपी जास्त बघत होती. टोपी पुढे झुकली की ही पुढे झुकायची.

उंट चांगला खेळला. नात्यातला म्हणून बोलत नाही हे. समोरचा संघ तगडा होता, त्यांनी आमच्या लोकांना पळवून पळवून दमवलं. पहिल्या अर्ध्यात त्याने खालच्या कोपऱ्यातला एक चेंडू असा अडवला की मुकादमाने माझ्या मांडीवर थाप मारली, वळ उठला. गवतावर झेप घ्यायला मिळाली म्हणून उंट हरखला होता, हे मला एवढ्या लांबूनही कळत होतं. उगीच एकदोनदा जास्तीचा लोळला.

दुसरा अर्धा सरत आला तरी गोल नव्हता. त्यांनी उजवीकडून उंच चेंडू टाकला. उंट उडाला आणि त्याने तो दोन्ही हातांनी वरच्या वर झेलला. त्याच वेळी खाली आमचा बचावपटू आणि त्यांचा एक गडी एकमेकांवर आदळले. आमचा बचावपटू टपाल खात्यात होता, सगळे त्याला पोस्टमन म्हणत. डोक्याला डोकं लागलं आणि पोस्टमन ओंडक्यासारखा पडला. रेफ्रीची पाठ तिकडे होती. चेंडू गोलकीपरच्या हातात आहे, आता लांब जाईल, म्हणून तो मैदानाच्या मध्याकडे पळत होता.

उंटाने पोस्टमनकडे पाहिलं. गुडघ्यात वाकला. चेंडू अलगद गवतावर टेकवला आणि पडलेल्या माणसाकडे वळला.

त्यांचा दुसरा गडी तिथेच मागे होता. त्याने पाय पुढे केला, चेंडू घरंगळत जाळ्यात गेला.

शिट्टी वाजलेली नव्हती. चेंडू जमिनीवर होता. गोल नियमाप्रमाणे होता आणि रेफ्रीने तो दिला, यात त्याचं काही चुकलं नाही. मारणाऱ्याचंही नाही. सगळं स्टेडियम डोकं धरून उभं राहिलं. शिव्या सुरू झाल्या. आमची एक ओळ तेवढी गप्प होती. खरं सांगतो, उंट वाकला तेव्हा आम्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. माणूस पडला, भांडं खाली गेलं. चेंडू जाळ्यात गेल्यावर आम्हाला आठवलं की आपण खेळ बघायला आलोय.

पोस्टमन तेवढ्यात उठून बसला. भुवईला चीर पडली होती, बाकी ठणठणीत. उंटाला त्याने विचारलं म्हणे, "गोल कुणी केला?"

"मीच म्हण," उंट म्हणाला.

आम्ही त्या एका गोलाने हरलो. खालच्या रांगेतली टोपी कधी उठून गेली ते धाकटीला बरोबर माहीत होतं. मला तिने ते सांगितलं नाही, नुसता माझा दंड सोडला. तोवर तिने तो धरला होता हे माझ्याही लक्षात नव्हतं.

स्पर्धेत आमचा संघ पुढे गेला नाही. उंट कामावर परत आला. सगळे त्याच्याकडे न बघता कामाला लागले, हे शिव्यांपेक्षा जास्त वाईट असतं. शेवटी मुकादमच बोलला. भट्टीसमोर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उंटा, चेंडू थंड असतो रे!"

मग उंटच पहिला हसला आणि मग अख्खी फाउंड्री हसली. मीही हसलो. हसता हसता दांडा मात्र उंटानेच आधी धरला.

धाकटी हसली नाही. "एकदा जाऊन विचारा तरी," म्हणून तिने आठवडाभर टुमणं लावलं. शेवटी तो तयार झाला, पण दादा सोबत हवा म्हणाला. निघताना तिने त्याला पढवलं, "चूक झाली, पुन्हा होणार नाही. एवढंच म्हणायचं. जास्त बोलू नका, तुम्हाला जमत नाही."

मॅनेजर माणूस सभ्य होता. त्याने आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या. खिडकी धाकटी म्हणाली तशीच होती.

"तुमचा तो खालच्या कोपऱ्यातला चेंडू मी विसरलेलो नाही," तो म्हणाला. "मला माणूस हवाच आहे. एकच विचारतो. उद्या तुम्ही आमच्या गोलात उभे आहात, चेंडू हातात आहे आणि असाच कुणीतरी पडला. काय कराल?"

मी सुटकेचा श्वास टाकला. उत्तर घरून आणलेलं होतं. नुसतं ओतायचं होतं.

उंटाने हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघितलं. "साहेब, इथे बसून विचारता तर धरून ठेवीन असं म्हणता येईल. तिथे विचार करायला सवड नसते. हात खालीच जातील."

"सवय मोडता येते."

"येत असेल," उंट म्हणाला. "पण मोडावीशी वाटत नाही."

मॅनेजरने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "खरं बोललात. पण मग गोलात कसं उभं करू तुम्हाला?"

"बरोबर आहे," उंट म्हणाला. मॅनेजरने आम्हाला चहा पाजला. चांगला होता.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, एक वाक्य! एक वाक्य बोलायला काय दातखीळ बसली होती? चाळीसपर्यंत उजळणी म्हणायची नव्हती तुला!"

तो चालत राहिला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "दादा, तुझ्या बहिणीला तू सांगशील?"

"बायको तुझी. तूच सांग. मी दाराशी उभा राहतो, पळायची वेळ आली तर वाट मोकळी ठेवीन."

धाकटी मटार सोलत बसली होती. त्याने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, हे खरंच असं म्हणाले?"

"काना-मात्राही बदललेला नाही."

तिने शेंगा बाजूला सारल्या. "खिडकी होती हो त्या खोलीला," एवढंच म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. पलीकडच्या खोलीत सासरे खोकत होते. आम्ही दोघं शाळेत उभं केल्यासारखे उभे. खोकला थांबल्यावर ती उठली, कपाटातून जुनं सुती धोतर काढलं आणि मधोमध टर्रकन फाडलं. मग त्यातल्या एकाचे आणखी दोन तुकडे केले.

"तोंडाला बांधायचं. ओलं करून, दुहेरी. रोज."

"लोक हसतील गं," उंट म्हणाला.

"सगळ्या शहरात हसू झालंय तुमचं. आणखी थोडं होऊ दे." मग दुसरा तुकडा तिने माझ्या अंगावर फेकला. "आणि तू. ह्यांनी काढलं तर मला सांगायचं. तू काढलंस तर हे सांगतील."

त्या काळी फाउंड्रीत तोंडाला फडकं बांधणं म्हणजे बायकी गणलं जायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तशी तोंडं बांधून आत शिरलो, तेव्हा मुकादमाने हातातला चहा खाली ठेवला. "आल्या गं बाई, नव्या नवऱ्या आल्या!" दिवसभर तेच. कुणी विचारायचं सासू बरी आहे का, कुणी लाजून दाखवायचं. उंटाने फडकं काढलं नाही. म्हणून मीही काढलं नाही. संध्याकाळी सोडून पाहिलं तर आतली बाजू फिकी आणि बाहेरची काळीकुट्ट होती. ते पाहायला चारदोन जण जमले. पुढच्या आठवड्यात मुकादम आपल्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून आला. त्याला हसायची कुणाची टाप नव्हती.

धाकटी दोन्ही फडकी रोज धुवायची. माझं लग्न झाल्यावरही माझं तिच्याकडेच जायचं. त्यावरून आमच्या घरी एकदा चांगलं भांडण झालं, पण व्यवस्था बदलली नाही.

खोकला उंटाला लागलाच. बारीक धूळ फडक्यालाही दाद देत नाही. पण उशिरा लागला, निवृत्त होऊन नातवाला गोलात उभं करून झाल्यावर. माझी छाती अजून चालते आहे. तो गेला त्याला आता दोन पावसाळे झाले. धाकटी म्हणते, उशिरा लागला हेच पुष्कळ. हे म्हणताना ती अजूनही माझ्यावर रागावलेली असते, त्या दिवशी मॅनेजरसमोर खुर्चीत बसून मी त्याला चिमटा का काढला नाही म्हणून.