नात्याचा रकाना

“नातं काय?”

समोरचा माणूस बाकावर टेकायच्या आत ते हा प्रश्न विचारत. तेव्हा टाक दौतीतून वर निघालेला असे आणि शाईचा थेंब कागदावर पडू नये म्हणून डावा तळहात निबखाली धरलेला असे, तीर्थ घेताना उजव्याखाली धरतात तसा. उत्तराला उशीर झाला की थेंब तळहातावर पडे. मावळातली माणसं सरकारी प्रश्नाला सावकाश उत्तर देतात, त्यामुळे तो तळहात बारा महिने निळा असे.

लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयाला लागून त्यांची जन्म, मृत्यू आणि दत्तकाच्या नोंदींची कचेरी होती. मधलं दार पावसाळ्यात फुगलं ते पुन्हा कधी बंद झालं नाही. मी अलीकडे पुस्तकांवरची धूळ झटकत असे, पलीकडे ते माणसांची नाती तपासत असत. तुम्हीही असा एखादा अंमलदार पाहिला असेल, ज्याला देवळात घंटा वाजवतानाही आधी परवानगी घ्यावीशी वाटते.

त्यांची नेमणूक झाली ती महायुद्ध सुरू होण्याआधी. कुठेतरी कुणीतरी दत्तकाच्या नावाखाली मुलं विकली होती. गोष्ट वाईटच होती. सरकारला ती इतकी वाईट वाटली की जिथे ती घडली नव्हती तिथेही बंदोबस्त करायचं ठरलं. यापुढे दत्तकाच्या कामात मध्यस्थी करणाऱ्याने परवाना घ्यावा. तो साक्षर असावा, त्याची स्वतःची हवेशीर जागा असावी, दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी त्याला दाखला द्यावा. मुलाच्या नातेवाइकांना मात्र परवान्याची गरज नाही.

आमच्या भागात असा मध्यस्थ एकच होता आणि ती डोंगरावरच्या वाडीतली एक सुईण होती. आई गेलेलं, टाकलेलं, नकोसं झालेलं मूल कडेवर घेऊन ती मूल नसलेल्या घराच्या दारात जाऊन बसे. तिला सगळे मावशी म्हणत. तिची आई हयात असती तर तिनेही म्हटलं असतं.

ती पहिल्यांदा कचेरीत आली तेव्हा त्यांनी विचारलं, “नातं काय?”

“मावशी,” ती म्हणाली.

त्यांनी वेलांटीला डौल देऊन ‘मावशी’ लिहिलं. नातेवाईक असल्यामुळे परवान्याचा प्रश्न नव्हता. थोड्या दिवसांनी ती दुसरं मूल घेऊन आली. त्याचीही मावशीच. मग तिसरं. तेव्हा मात्र त्यांनी टाक खाली ठेवला.

“बाई, तुला बहिणी तरी किती?”

“लय हायेत, साहेब. तुमची आई कुटली?”

“पुण्याची.”

“मग तेवडी सोडून.”

त्यांनी वर लिहून विचारलं. वरून उत्तर आलं की नातेवाईक म्हणजे सख्खे समजावेत. ते उत्तर त्यांनी मला वाचनालयात येऊन वाचून दाखवलं. “आता बसलं नियमात,” ते म्हणाले. मी त्यांना इतकं प्रसन्न त्याआधी पाहिलं नव्हतं.

मावशीला बोलावून त्यांनी सख्खं म्हणजे काय ते समजावलं. बराच वेळ रक्ताविषयी बोलले. तिने ऐकून घेतलं, कारण रक्त तिने त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं आणि त्याविषयी बोलायची तिला हौस नव्हती. परवाना तिला मिळण्यासारखा नव्हताच. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या खोपटात हवेशिवाय दुसरं काहीच नव्हतं, पण त्या हवेला खिडकी नव्हती. आणि प्रतिष्ठित गृहस्थांनी दाखला नाकारला. त्यांतल्या एकाला या जगात तिनेच आणलं होतं.

मग तो दिवस आला. एका बंगल्याच्या बांधकामावर विटा वाहणारी बाई बाळंतपणात गेली. तिचं मागे कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. मावशी ते तान्हं मूल घेऊन कचेरीत आली. तिच्या मागे आंबी गावचं एक शेतकरी जोडपं होतं. लग्नाला बरीच वर्षं झालेलं, घर रिकामं असलेलं. बाईने बगलेत एक शिवलेलं झबलं दडवलं होतं. ते बाहेर काढायचा तिला धीर होत नव्हता.

सख्खं कुणी नाही, परवाना नाही. म्हणजे मूल संध्याकाळच्या गाडीने शिपायाबरोबर पुण्याच्या अनाथगृहात जाणार. हे त्यांनी नीट, सावकाश सांगितलं.

“तितं ऱ्हाऊन कुणी म्हातारं झाल्यालं ऐकलंय का, साहेब?” मावशीने विचारलं.

“नियमात बसत नाही,” ते म्हणाले.

“बरं. येवडं धरा जरा,” असं म्हणून तिने ते मूल त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं आणि ओसरीवर जाऊन निवांत तंबाखू मळत बसली.

मी दारात उभा होतो. त्यांचा उजवा हात सवयीने दौतीकडे गेला. टाक वर आला. “नातं काय?” त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनाही कळलं नसावं. आंबीच्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं. डाव्या हातावर मूल होतं, निबखाली काहीच नव्हतं. थेंब कागदावर पडला.

त्या कचेरीतला तो पहिला डाग. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग डागाच्या शेजारी लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “मामा.”

साक्षीला मला बोलावलं. मी वाचलं. पुस्तकांत राहून माणसाला नको तिथे नेमकेपणा सुचतो.

“सख्खा?” मी विचारलं.

“मला बहिणी किती होत्या, तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग सही करा.”

बगलेतलं झबलं बाहेर आलं. मूल आंबीला गेलं.

प्रतिष्ठित गृहस्थ वाचनालयात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हसले. मामा कसला, बाप असेल, असं त्यांनी बंद न होणाऱ्या दाराला ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं. पुण्याहून वरचे साहेब आले. त्यांनी विचारलं, तुमची बहीण डोक्यावर विटा वाहत होती? ते म्हणाले, होय. खोटं सिद्ध करायचं तर पाटीवाल्या बायांमध्ये जाऊन चौकशी करावी लागली असती. साहेबांचे बूट नवे होते. अखेर आमच्या अंमलदारांना नोकरीवरून काढलं, पण खोटं बोलल्याबद्दल नव्हे. स्वतःच्या नातेवाइकाचं प्रकरण स्वतःच निकालात काढलं, म्हणून. ते मात्र नियमात बसलं नाही.

ते पुण्याला परत गेले नाहीत. आमच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले, तळहात निबखाली धरून.

एके दिवशी आंबीचा शेतकरी बैलगाडी घेऊन आला. पोराचं जावळ काढायचं होतं. “मामाच्या मांडीवर बशिवल्याबिगर न्हावी हात लावीना,” तो म्हणाला. यांनी त्याला समजावलं, की सदरहू नातं केवळ कचेरीच्या कामापुरतं होतं. शेतकऱ्याने सगळं संपेपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “टोपी घालून येताय का आसंच?”

ते टोपी घालून गेले. परत आले तेव्हा धोतरावर बारीक, मऊ केस होते. झटका म्हटलं तर म्हणाले, “राहू द्या.” पुढे दर सणाला गाडी येत राहिली आणि ते कुरकुरत चढत राहिले.

गेल्या महिन्यात ते तापाने गेले. मृत्यूची नोंद करायला मी त्यांच्याच जुन्या कचेरीत गेलो. आंबीचा शेतकरीही आला होता. टेबलामागे नवा, तरणा कारकून होता. त्याने टाक उचलला.

“नातं काय?”

मी शब्द शोधू लागलो. इतकी वर्षं एका दाराच्या दोन बाजूंना बसलो, वाद घातले, एका घड्याळावर उठलो. “शेजारी,” मी म्हणालो.

“शेजारी चालत नाही,” कारकून म्हणाला.

“मेव्हणं व्हतं आमचं,” शेतकरी मागून म्हणाला.

“सख्खे?”

“व्हय. सख्खं.”

कारकुनाचा टाक कागदावर आला. त्याने खाली हात धरला नव्हता. मी माझा तळहात पुढे केला, पण तोवर थेंब पडला होता.