बायकोच्या गाडीतली माणसं

बायकोला लंडनमध्ये नोकरी लागली तेव्हा मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यातली माझी नोकरी सोडली आणि तिच्याबरोबर गेलो. घरात कोणी जबरदस्ती केली नव्हती. संधी तिची होती, मोठी होती, आणि मला तिथं काहीतरी मिळेलच असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

लंडनमधली घरं परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही रेल्वेगाडीनं तासाभरावर असलेल्या एका लहानशा वस्तीत भाड्यानं राहिलो. सारखी दिसणारी विटांची घरं, पुढं हातभर बाग, एक दुकान, एक पब आणि स्टेशन. सकाळी दारं उघडत, काळे कोट घातलेली माणसं खाली मान घालून स्टेशनकडं जात आणि मग संध्याकाळपर्यंत गल्लीत कोणी दिसत नसे. उरत ते म्हातारे, कुत्रे आणि मी. मी अर्ज करत होतो, नकार येत होते. मधल्या वेळात मी स्वयंपाक करायचो, कपडे वाळत घालायचो आणि खिडकीत उभा राहायचो. नागपूरहून भावाचा फोन आला की तो विचारायचा, "काय करून राहिला गा दिवसभर?" मी म्हणायचो, "मजेत."

मला खरी आठवण यायची ती कंपनीच्या बसची. नागपुरातल्या महाल भागातून पहाटे निघणारी ती खडखडी बस, मागच्या बाकावरचे आम्ही चौघं, पत्ते, एकमेकांच्या डब्यातलं वांगं, साहेबाची नक्कल. कारखान्यापेक्षा ती बसच माझी नोकरी होती असं मला तिथं बसून वाटायला लागलं.

एका सकाळी बायको डबा विसरली. झुणका-पोळी होती. मी तो घेऊन पळतच स्टेशनवर गेलो. पलीकडच्या फलाटावर जायला रुळांवरून पादचारी पूल होता. पुलावर चढलो आणि खाली ती दिसली. ती एकटी नव्हती. दोन बायका आणि एक पुरुष तिच्याभोवती उभे होते आणि ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मान मागं टाकून हसत. तो पुरुष आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा होता. पिकल्या केसांचा, उंच, साठीतला. रस्त्यात भेटला की मला तो "मॉर्निंग" एवढंच म्हणायचा. इथं तो माझ्या बायकोची पिशवी हातात धरून उभा होता, तिला बोलताना हात मोकळे राहावेत म्हणून.

गाडी आली. खाली उतरायला वेळ होता, पण मी उतरलो नाही. ते चौघं एकाच दारातून आत गेले, गाडी गेली आणि मी पुलाच्या पायरीवर बसून तो डबा स्वतःच खाल्ला.

संध्याकाळी मी तिला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "काहून गप्प गप्प आहे?"

"सकाळी फलाटावर तू लय हसून राहिली होती," मी म्हणालो. "घरी तर हसत नाही तशी."

ती म्हणाली, ती रोजची माणसं आहेत, एकाच डब्यात बसतात, तेवढंच. मी म्हटलं, मग बोलव त्यांना एखाद्या रविवारी, मी तर्री-पोहे करतो. तिनं मान हलवली. इथं तसं नसतं, म्हणाली. गाडीतली ओळख गाडीत राहते, घरापर्यंत कोणी आणत नाही. तिच्या तोंडून "इथं तसं नसतं" हे ऐकून मला फार लागलं. जणू ती त्या वस्तीची झाली होती आणि मी पाहुणा होतो.

त्यानंतर मी रोज तिच्याकडून गाडीतल्या गोष्टी काढून घ्यायचो आणि ऐकताना जळायचो. कोणाची मुलगी घरातून निघून गेली, कोणी शब्दकोडं आधी सोडवलं, आमच्या त्या शेजाऱ्यानं तिला इंग्रजीतल्या कोणत्या शिव्या शिकवल्या. तो निवृत्त झाला त्या दिवशी गाडीत केक कापला, सगळ्यांनी गाणं म्हटलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. मला मात्र आतून बरं वाटलं. एक माणूस कमी झाला.

पुढच्या आठवड्यात मी दूध आणायला निघालो, तर तो स्टेशनच्या पुलावर उभा. इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, हातात काही नाही. खाली गाडी सुटत होती. मला बघून तो ओशाळला, आणि मग त्यानं भलताच प्रश्न केला: गाडीतल्या आपल्या जागेवर आता कोण बसतं, तुझ्या बायकोनं काही सांगितलं का? मला ठाऊक होतं. कोणी बसत नाही, पिशव्या ठेवतात, मी म्हणालो. त्याला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

मी त्याला चहाला घरी बोलावलं. नियम मोडून तो आला. मग रोज यायला लागला. त्याची बायको वारल्यापासून काही वर्षं तो एकटाच होता. बोलायचं ते गाडीत, एरवी घरात टीव्ही. आदल्या संध्याकाळी बायकोनं सांगितलेलं सगळं मी त्याला सांगायचो आणि तो माझ्यासारखाच हावरेपणानं ऐकायचा.

एकदा बोलता बोलता तो म्हणाला की आता ती किती सावरली आहे, सुरुवातीला गाडीत रोज रडायची. मी कप खाली ठेवला. त्याला वाटलं होतं मला माहीत असेल. मग त्यानं अडखळत सांगितलं: पहिला सगळा हिवाळा ती खिडकीकडं तोंड करून रडायची, म्हणून त्यांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली. नवऱ्यानं माझ्यासाठी सगळं सोडलं, त्याच्यासमोर रडू कशी, असं ती म्हणाली होती.

तिच्या हसण्याचा मत्सर मी सहन केला होता. तिचं रडणंही त्यांना मिळालं होतं, हे मात्र सहन होईना.

त्या संध्याकाळी मी स्टेशनवर तिला घ्यायला गेलो. घराकडं येताना विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू परतीचं तिकीट काढलं असतं."

"काढलं असतंच."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. रस्त्यावर दोघं-तिघं कोटवाले पुढं चालले होते. ती रडली, तिथंच, मोठ्यानं. एकानं वळून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागला.

तिच्या नोकरीचा करार संपल्यावर आम्ही नागपूरला परतलो. मला हिंगण्यातच दुसऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली, मोटारसायकलवर एकटाच जातो. ती घरूनच काम करते. रविवारी दुपारी तिथल्या त्या शेजाऱ्याचा फोन येतो, माझ्याच नंबरवर. दोन वाक्यं तो माझ्याशी बोलतो, उन्हाळा कसा आहे ते विचारतो आणि मग तिला दे म्हणतो. ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाते. मी बाहेर बसून तिचं हसणं ऐकतो, आणि मला अजूनही आवडत नाही.