यादी वाचताना फिरलेलं चाक

माऊसचं चाक फिरवलं की कॉम्प्युटरला नेमकं काय कळतं, हा प्रश्न वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. त्याआधी दहा-अकरा वर्षं मी प्रोग्राम लिहूनच पोट भरत होते, त्यामुळे हे सांगायला जरा लाज वाटते. पण चाक फिरतं, पान सरकतं, यात विचार करण्यासारखं काय आहे असं मला वाटायचं. ते कळायला आमच्या गावचा तलाव लागला.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूला. नागपूरच्या एका कंपनीचं काम मी घरूनच करते. गावाच्या वर जुना तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, जगतात. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची जी जागा असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात, आणि तुडूम उघडणारा, मिटवणारा तो पाणकर. आमचे पाणकर साठी ओलांडलेले आहेत. मी त्यांना मामा म्हणते, तशी नात्यागोत्याची माणसं आम्ही नाही. कोणाच्या बांधीला किती तास पाणी जायचं, हे तीसेक वर्षं त्यांच्या डोक्यातच होतं. त्यावरून दरवर्षी कुरबुरी होत. शेवटी गावच्या पाणी संस्थेने ठरवलं की यापुढे डोक्यातलं काही चालणार नाही, कागदावर असेल तेवढे तास पाणी. मामांना हे सभेत दोनदा बजावून सांगितलं. कागद बनवायचं काम माझ्याकडे आलं, कारण संस्थेच्या ऑफिसात कोणीतरी देऊन ठेवलेला एक डेस्कटॉप होता आणि गावात कॉम्प्युटरवाली म्हणून मीच सापडण्यासारखी होते.

मी टीसीएल-टीके हाताशी घेतलं. हे जुनं हत्यार आहे. टीसीएल ही चार ओळींत काम सांगता येईल अशी छोटी भाषा, आणि टीके म्हणजे तिच्या जोडीचं खिडक्या, बटणं, याद्या मांडायचं सामान. मुळात ते विद्यापीठातल्या तालेवार मशीनांसाठी बनलं आणि मागाहून साध्या डेस्कटॉपवर आणलं गेलं. एकदा लिहिलं की लिनक्सवर चालतं, विंडोजवर चालतं, मॅकवरही चालतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आणि ऑफिसात विंडोज, म्हणून मला ते सोयीचं होतं. संस्थेच्या सचिवबाईंना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की इथे लिहिते आणि तिथे जसंच्या तसं लावून देते.

पहिल्याच दिवशी तो तोरा उतरला. ऑफिसचा स्क्रीन लहान, त्यामुळे खालचं प्रिंटचं बटण विंडोजच्या पट्टीमागे जाऊन बसलं. माझ्याकडे नीट दिसणाऱ्या नावांच्या वेलांट्या तिथे वरून कापल्या गेल्या, कारण ओळीची उंची मी माझ्या लॅपटॉपवरचे फॉन्ट बघून ठरवली होती. आणि बाईंनी जपून ठेवलेली यादी कुठल्या फोल्डरात गेली, ते शोधायला अर्धा तास लागला. प्रोग्राम चालत होता, पण तिथे नांदत नव्हता. मला मात्र या कामाची फार गंमत वाटते. हे इथे असं का आणि तिथे तसं का, एवढ्या एका प्रश्नावर मी जेवण विसरू शकते. आठवडाभर सायकलने ऑफिसात खेपा घातल्या, एकेक गोष्ट बसवली आणि सगळं ठाकठीक झालं म्हणून हात झटकले.

आमच्याकडे पाण्याच्या यादीचं चावडीवाचन होतं. सगळ्या शेतकऱ्यांसमोर एकेक नाव आणि त्याचे तास मोठ्याने वाचायचे, कोणाचा आक्षेप असेल तर तिथेच घ्यायचा, आणि एकदा वाचलं ते पक्कं. पूर्वी सचिवबाई रजिस्टरवर ओळीखाली बोट धरून वाचत. आता बोटाच्या जागी माऊसचा बाण आला. त्या यादी हळूहळू खाली सरकवत नावं वाचत होत्या. ज्याला शंका येई तो उठून टेबलापाशी जाई, मग बाई बाण त्याच्या तासांच्या खणावर नेऊन आकडा दाखवत. तो समाधानाने परत बसला की बाई चाक जरासं फिरवून बाण पुन्हा नावांवर आणत आणि पुढे जात. वाचन संपलं, टाळ्या पडल्या, कागद प्रिंट होऊन मामांच्या हाती गेला. मी मागे उभी राहून कौतुक करून घेत होते.

बारा दिवसांनी बोंब उठली. पाऊस दडून बसला होता आणि धान निसवायला आलेलं होतं. अशा वेळी पाणी चुकलं तर लोंब्या पोचट राहतात. तलावापासून सर्वांत लांबची बांधी एका विधवा बाईची. घरात कमावणारी तीच एक. तिच्या बांधीला तीन तास पाणी ठरलं होतं, ते मिळालं एकच तास. तिने वाचनात तीन ऐकले होते, तिच्या आजूबाजूच्या दहाजणांनीही ऐकले होते. मामांच्या हातातला कागद बघितला तर त्यावर एक. मग लोकांनी पूर्ण कागद तपासला. सात नावांचे तास बदललेले. त्यात माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांच्या दोन तासांचे चार झाले होते.

वाचलं एक आणि कागदावर दुसरंच. ऑफिसातून कागद घेऊन गेलेला माणूस एकच. गावाला आणखी काय हवं होतं? मोठ्या बाबांच्या अंगणात मामांचं उठणंबसणं आहे, तेही कोणीतरी बोलून दाखवलं. कागद बदलून आणला असं ठरलं. मामांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की कागदावर होतं तसं सोडलं. सोमवारी सभा बोलावली गेली, त्यांना पाणकरकीतून काढायला. त्या एका कामावर त्यांची गावात ओळख होती. तेही गेलं असतं आणि चोर म्हणून गेलं असतं.

खरं सांगते, एक संध्याकाळ मीही मामांवर संशय घेतला. माझा प्रोग्राम मी स्वतः तपासला होता, तो चुकणार नाही याची मला खात्री होती, आणि मला माझ्या खात्रीचा फार राग येतो आता. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवरची यादी उघडली, तर तिच्यातही विधवा बाईचा एकच तास. म्हणजे कागद बरोबर छापला गेला होता. बदल झाला तो मशीनच्या आत, आणि मशीनला मामांचा हात कधी लागलेला नव्हता.

मग मला चैन पडेना. यादीच्या जुन्या प्रतीत तीन होते. सचिवबाईंनी वाचले तेव्हाही तीन होते. प्रिंट काढताना एक. मधे केलं काय, तर फक्त वाचलं. मी ती जुनी प्रत उघडून दिली आणि बाईंना म्हटलं, त्या दिवशी वाचलं तसंच्या तसं मला पुन्हा वाचून दाखवा, मी मध्ये बोलणार नाही. त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा घेतेय, जरा घुश्शातच बसल्या. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि आवाजाकडे लक्ष न देता त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

मोठ्या बाबांचं नाव आलं. बाई म्हणाल्या, यांनी येऊन बघितलं होतं. त्यांनी बाण खणावर नेला, दोन दाखवले, आणि मान माझ्याकडे वळवून चाक फिरवलं. यादी वर सरकली. आणि सरकता सरकता दोनाचे तीन झाले. बाईंच्या लक्षातही आलं नाही, कारण त्यांचे डोळे पुढच्या नावावर गेले होते. मी त्यांचा हात धरला. मग आम्ही दोघी लहान मुलींसारखं तेच तेच करत बसलो. चाक खाली फिरवलं की तास वाढत, वर फिरवलं की कमी होत. मोठ्या बाबांनी शंकेखोर स्वभावाप्रमाणे उठून बघितलं होतं आणि त्यानंतर चाक दोन खाचा फिरलं असणार, म्हणून दोनाचे चार. विधवा बाईचं नाव यादीच्या टोकाला. तिनेही उठून बघितलं होतं, आणि ते दाखवून झाल्यावर बाई चाक दोन खाचा वर फिरवून परत आल्या असणार, म्हणून तिनाचा एक. ज्यांनी उठून खात्री करून घेतली, नेमके त्यांचेच तास बदलले होते.

आता मला आठवलं. बाण आकड्याच्या खणावर असताना चाक फिरलं की टीके आकडाच बदलतं, ही खोड मला माझ्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी दिसली होती. मी ती बंदही केली होती. पण लिनक्सवर टीकेला चाक हे चाक म्हणून कळतच नाही. वर फिरवलं तर माऊसचं चौथं बटण दाबलं आणि खाली फिरवलं तर पाचवं, असा निरोप त्याला जातो. विंडोजवर मात्र चाक फिरलं असा वेगळाच निरोप येतो. मी चौथं आणि पाचवं बटण अडवलं, माझं काम झालं, आणि दुसरा दरवाजा तसाच सताड उघडा ठेवून ऑफिसात प्रोग्राम लावला. एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहायला मला मिनिटही लागलं नाही.

सोमवारच्या सभेत मी उभी राहिले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. मग चाकाची गोष्ट समजावली. लोकांना चाकाचं किती कळलं देव जाणे, पण सचिवबाईंनी करून दाखवल्यावर कुजबुज थांबली. मामांना काढायचा विषय मागे पडला. मोठ्या बाबांनी आपली पुढची पाळी विधवा बाईला देऊन टाकली. धान सगळं वाचलं नाही, पण बरंच वाचलं. मामा भिंतीला टेकून बसले होते. सगळे उठले तेव्हा तेही उठले आणि तलावाकडे गेले.

दोन दिवसांनी दुपारी ते ऑफिसात आले. मी तिथेच होते. ते चाकाचं मला दाखव म्हणाले. जुना प्रोग्राम मी ठेवला होता, तो उघडला आणि माऊस त्यांच्या हाताखाली दिला. तुडूमातलं पाणी अडवणारी लाकडी दट्टी ओढून राठ झालेलं त्यांचं बोट त्या चाकावर मोठं दिसत होतं. त्यांनी हळूच फिरवलं. दोनाचे तीन झाले. उलटं फिरवलं, पुन्हा दोन. असं चारपाच वेळा केलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे खरंच चाकानं झालं? तूनं नाही केलं?"

मला कळेना. मी म्हटलं, सभेत सांगितलं ना सगळं.

"सभेत सांगतलं ते मले वाटलं तू सावरून घेऊन राहिली. तीस वर्सं मी पानी सोडून राहिलो, बाई. कागद हातात आला त्याच दिवशी समजलं का तुह्या मोठ्या बाबाले दोनच असतात, हे चार कोठून आले. म्हनलं, घरचा मानूस हाय, पोरीनंच वाढवून देले असतीन. गावात पोरीचं नाव कायले खराब करा? म्हनून मी काही बोललो नाही."

मी एक संध्याकाळ त्यांना चोर समजले होते. त्यांनी मला पंधरा दिवस चोर समजून सांभाळलं होतं, आणि सोमवारी काम गेलं असतं तरी ते बोलले नसते. मला तिथेच रडू आलं. मामा गडबडले, माऊस बाजूला सारून उठले, आणि तुडूम मिटवायची वेळ झाली म्हणून निघून गेले.