कुशाबाईंची कॅसेट

झुंबर साबळेला मी ओळखत होतो, असं म्हणायला मन धजत नाही. इंदापुरात आमची भिंतीला भिंत होती. तो मला तात्या म्हणायचा, हाक मारून चहा पाजायचा. रेडिओ दुरुस्त करायचा आणि घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचा, एवढंच मला ठाऊक. त्याच्या मनात काय चालायचं, ते मी कधी विचारलं नाही.

त्याची थोरली बहीण कुशाबाई गायची. आवाज लहान, पण फार गोड. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती दरवर्षी माइकपुढं उभी राहायची आणि ताशांच्या दणक्यात तिचा एक शब्द कुणाला कळायचा नाही. मिरवणुकीच्या ट्रकवरून आक्काचं गाणं एकदा साऱ्या गावानं ऐकावं, हा झुंबरचा ध्यास होता.

१९९५ साली त्यानं भिंतींना वाकळा टांगल्या, पंखा बंद केला आणि तिचं गाणं टेपवर घेतलं. डेकवर आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे हलत होते. काटा लाल पट्टीत घुसला की आवाज फाटतो, म्हणून तो बटनावर बोट ठेवूनच बसला होता. गाणं परत लावलं तेव्हा ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. कुशाबाई मात्र लाजून बाहेर गेली. "मी आता न्हाय ऐकायची. ट्रकावरच ऐकीन," म्हणाली.

ती कॅसेट घेऊन आम्ही बारामतीला आबासाहेबांच्या दुकानात गेलो. जयंतीच्या कॅसेटच्या प्रती काढून तेच विकायचे. त्यांनी आधी बाजारातली एक कॅसेट लावली आणि आवाजाचं बटन न हलवता पाठोपाठ आमची.

"काय रं झुंबर, बाई घरच्यांना चोरून गाती काय?"

दुकानातली माणसं हसली.

"मालक, जरा आवाज वाढवा की."

"मी वाढवीन. कॅसेट घेणारा ट्रॅक्टरवाला वाढवील व्हय? त्याला लावल्या लावल्या दणका पायजे."

आम्ही एसटीनं इंदापूरला परतलो. दुसऱ्या दिवशी झुंबरनं आक्काला माइकच्या अगदी जवळ उभं केलं, जोरात गायला लावलं आणि काटे वर चढवले. आमच्या गल्लीतला सोपान सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहायचा. त्याच्या ट्रॅक्टरवर, इंजिन चालू ठेवून, ते गाणं लावून बघायचे.

"आजून दाबून पायजे, झुंबरभाऊ."

सोपान असं म्हणाला की पुन्हा रेकॉर्डिंग. चांगली टेप एकच, म्हणून दर वेळी आधीचं पुसून त्यावरच. शेवटी काटे लाल पट्टीतून खाली उतरेनात. सोपाननं मांडीवर थाप मारली, "आता कसं! पार फडात ऐकू जाईल." आबासाहेबांनीही रस्त्यावरच्या गोंगाटात ती ऐकली आणि घेतली. इंजिनाच्या घरघरीखाली काय झाकलं जातंय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

जयंतीच्या दिवशी पुतळ्याला हार घालायला मिरवणूक थांबली. ट्रक बंद झाला, ताशे थांबले आणि त्या शांततेत कुशाबाईंची कॅसेट लागली. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज.

"कुणाचा गळा धरलाय रं?" कुणीतरी ओरडलं. पोरं खिदळली.

झुंबर ट्रकवर चढला. त्यानं आवाज बारीक केला. बारीक झाला, पण फाटका तो फाटकाच राहिला. मग त्यानं कॅसेटच काढून घेतली.

कुशाबाई पांढरं लुगडं नेसून पुढंच उभी होती. घरी येताना म्हणाली, "माझा आवाज आसा हाय व्हय रं? इतकी वर्सं कुणी बोललं न्हाय."

"न्हाय आक्का. मशीनचं हाय ते."

"मशीन कशाला खोटं बोलंल?"

पहिलं रेकॉर्डिंग किती चांगलं होतं, ते मी सांगू लागलो. "तुमी शेजारी हाय तात्या, चांगलंच बोलणार," ती म्हणाली. ते गाणं उरलं असतं तर ऐकवून तिची समजूत काढता आली असती. ते झुंबरनंच पुसलं होतं.

त्यानंतर ती गायली नाही. भाकऱ्या थापताना गुणगुणायची, तेही थांबलं. झुंबरनं डेक विकून टाकला. पुढं मी मुलाकडं बारामतीला राहायला आलो. आमची शेवटची भेट इंदापूरच्या स्टँडवर झाली.

"आक्का बरी आहे का?" मी विचारलं.

"हाय बरी."

"जयंतीला येते का?"

त्यानं लागणाऱ्या गाडीकडं बोट केलं.

"तुमची बारामती लागली बगा, तात्या. पुढं जावा, म्हंजे जागा गावंल."